टिल्लू मोटारी जप्त करण्याआधी व्हॉल्व्हचं वेळापत्रक बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावात नळयोजना आहे, घरोघरी जोडण्या आहेत. पण टाकीजवळच्या आळीत लोक थेट नळालाच टिल्लू मोटार लावतात आणि तुमच्या खडकावरच्या वस्तीला तासाभरात जेमतेम सहा-सात हंडे मिळतात. सरपंच म्हणतात, 'लोक पट्टी भरत नाहीत, मी काय करू?' लोक म्हणतात, 'पाणीच येत नाही तर पट्टी कशाची?' तुम्ही विचारताय की तक्रार कुठे करायची, मोटारी जप्त करता येतात का, आणि तोवर आपण एकट्यानेच पाणीपट्टी का भरायची.

मी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठ्यात शाखा अभियंता होतो. निवृत्तीनंतर गावांच्या पाणी समित्यांबरोबर बसतो, बहुतेक सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात. तक्रारीचा पत्ता शेवटी देतो, कारण नुसती तक्रार घेऊन गेलात तर काय होतं ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलं आहे. मोटारी जप्त करायला लावाल, दोन आठवडे पाणी बरं येईल, तिसऱ्या आठवड्यात नव्या मोटारी येतील आणि या वेळी त्या पोत्याखाली झाकलेल्या असतील.

माणूस मोटार का लावतो ते आधी बघा. त्याला उद्या पाणी किती वाजता येणार, किती वेळ राहणार, हे माहीत नसतं. मग आलेल्या पाण्यातून मिळेल तेवढं ओढून ठेवणं त्याच्या दृष्टीने शहाणपणाचं असतं. शेजाऱ्याने मोटार लावली की याचा नळ मंदावतो, म्हणून हाही लावतो. अशा आळीत पहिली मोटार लावणारा एखादा दांडगा असतो, पुढचे सगळे भ्यायलेले असतात. दांडग्याला नोटीस द्यावी लागते. भ्यायलेल्यांना वेळापत्रक दिलं की पुरतं, पण ते दोन-तीन महिने न चुकता पाळून दाखवावं लागतं.

पाणी खरंच कमी आहे का, हा पुढचा प्रश्न. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. १५ लिटरची बादली एका मिनिटात भरेल एवढ्या धारेचा नळ असेल तर हे २७५ लिटर १८-१९ मिनिटांत भरतात. तुमच्याकडे पाणी तासभर सोडतात. म्हणजे धार नीट असेल तर तासाच्या एक तृतीयांश वेळात घराची गरज भागते! बाकीचा वेळ पाणी कुठे जातं? अंगणात, जनावरांच्या हौदात, परसातल्या केळीला, नाहीतर तोटीच नसलेल्या नळातून गटारात.

म्हणून पहिलं काम अगदी साधं आहे. एक बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घ्या. टाकीजवळची दोन-तीन घरं, गावाच्या मधली दोन-तीन आणि तुमच्या वस्तीतली शेवटची दोन-तीन घरं निवडा. पाणी सुटल्यावर दहाव्या मिनिटाला आणि चाळिसाव्या मिनिटाला बादली किती सेकंदांत भरते ते लिहा. नळातून पाण्याआधी किती वेळ नुसती हवा फुसफुसते, तेही लिहा. आठवडाभर करा. टाकीजवळ मोटारीवर २५ सेकंद आणि शेवटच्या घरी सहा मिनिटं, एवढी तफावत मी पाहिली आहे. हा तक्ता हातात असला की ग्रामसभेत 'यांना नेहमीचीच सवय आहे ओरडायची' असं कुणी म्हणू शकत नाही. मोजायला टाकीजवळच्या आळीतला एखादा पोरगा सोबत घ्या, म्हणजे आकडे 'तुमचे' राहणार नाहीत.

आता व्हॉल्व्हकडे येऊ. इथे जरा थांबतो, कारण नव्वद टक्के भांडण मला इथेच सापडतं आणि ग्रामसभेत त्यावर एक वाक्यही बोललं जात नाही.

बहुतेक गावांत पाणीवाला टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह उघडतो आणि सगळं गाव एकदम चालू करतो. कधी आळीनुसार व्हॉल्व्ह असतात, पण ते गंजून उघडेच अडकलेले असतात. किंवा त्यांच्या चेंबरवर कुणीतरी फरशी टाकून ओटा केलेला असतो. सगळं एकदम सुटलं की पाणी आधी जवळच्या आणि सखल घरांत धावतं. उंचावरच्या, लांबच्या घरांपर्यंत दाब उरतच नाही.

हिशेब करून बघा. समजा टाकीचा तळ जमिनीपासून १२ मीटर वर आहे आणि तुमची वस्ती टाकीच्या जमिनीपेक्षा ८ मीटर उंच आहे. उरला ४ मीटरचा दाब. त्यातला बराचसा लांबच्या पाइपातल्या घर्षणात संपतो. आता टाकी काठोकाठ भरलेली असेल तर तिच्यात आणखी ३ मीटर पाणी उभं असतं. म्हणजे तुमच्यासाठी ४ चे ७ मीटर होतात, जवळजवळ दुप्पट. टाकीजवळच्या सखल आळीला या ३ मीटरचं काही कौतुक नाही, तिच्याकडे तसाही दाब भरपूर आहे. तुमच्या वस्तीसाठी मात्र भरलेली टाकी आणि अर्धी टाकी यात पाणी आणि कोरडा नळ एवढा फरक पडतो.

तेव्हा क्रम उलटा हवा. टाकी भरली की बाकीचे व्हॉल्व्ह बंद ठेवून आधी शेवटची, उंच वस्ती. मग मधली. टाकीजवळची आळी सर्वांत शेवटी. प्रत्येक भागाला ४० मिनिटं दिली तरी सगळ्यांची गरज भागते, कारण एका वेळी थोड्याच घरांचे नळ उघडे असतात आणि धार चांगली राहते. धार चांगली असली की मोटार लावायचं कारणच निम्मं संपतं. यासाठी दोन किंवा तीन व्हॉल्व्ह नवे लागतील, एखाद्या ठिकाणी थोडा पाइप टाकावा लागेल. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा असतो, त्यातून हे बसतं. नव्या टाकीची मागणी करण्याआधी एवढं करून बघा. गावाला टाकी हवीशी वाटते कारण ती दिसते, तिचं उद्घाटन होतं. व्हॉल्व्हला नारळ कोण फोडणार?

तुमच्या पाणीवाल्याशी भांडू नका. त्याचा पगार वेळेवर होत नाही, पहाटे फोन येतो एका सदस्याचा, 'आमच्या आळीला अजून दहा मिनिटं राहू दे', आणि दुपारी शिव्या खातो तोच. वेळापत्रक ठराव करून लिहा, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. मग सदस्याचा फोन आला तर तो फलकाकडे बोट दाखवू शकतो. गावात पाण्यासाठी सर्वांत जास्त खपणारा माणूस हाच असतो आणि त्यालाच कुणी पाणी समितीच्या बैठकीला बोलवत नाही. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरतो, कुठल्या वळणावर पाइप चोंदलाय, हे कागदावरच्या नकाशापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

शेवटाला कोणाची वस्ती आहे, हेही डोळे उघडे ठेवून बघा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पाहिलेल्या गावांत बऱ्याचदा शेवटच्या पाइपावर बौद्धवाडी, मातंगवस्ती किंवा कातकऱ्यांची घरं असतात. पाइप मुळात गावठाणापुरता टाकलेला आणि वस्तीला नंतर जोडलेला. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर ज्या हक्कासाठी लोकांना जावं लागलं, तो हक्क आज कागदावर सगळ्यांना आहे. पण एक इंची पाइपाच्या टोकाला तो थेंबाथेंबाने पोचतो. तिथे 'तांत्रिक अडचण' हे उत्तर ऐकून घेऊ नका. तांत्रिक अडचण नेहमी त्याच वस्तीला कशी येते, हे विचारा.

आता मोटारी. आधी एक फरक स्पष्ट करा, नाहीतर सभेत उगाच गोंधळ होईल. नळाचं पाणी स्वतःच्या हौदात किंवा बॅरलमध्ये आपसूक पडू द्यायचं आणि तिथून मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, यात कुणाचं काही जात नाही. नळजोडणीलाच मोटार बसवून लाइनमधून ओढणं हा वेगळा प्रकार. त्यात शेजाऱ्याचं पाणी तर जातंच, शिवाय मोठा धोका असतो आणि तो लोकांना सांगितला पाहिजे. मोटार ओढते तेव्हा पाइपात पोकळी होते. पाइपाला कुठे बारीक चीर असेल आणि तो गटाराशेजारून जात असेल, तर बाहेरची घाण आत खेचली जाते. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अगदी मापात टाकलेली असली तरी पुढच्या घरात हगवण पोचू शकते. शेवटच्या नळाला क्लोरिन ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, तरी राहिलं पाहिजे. ओटी चाचणीत पाणी पिवळसर झालं तर क्लोरिन आहे, रंगच आला नाही तर नाही. आरोग्य सेवकाला किंवा जलसुरक्षकाला सांगून ही चाचणी मोटारवाल्या आळीच्या पुढच्या घरात, पाणी सुरू असताना करून घ्या. 'पाणी चोरता' म्हटलं की माणूस बाह्या सरसावतो. 'तुमच्याच चुलत्याच्या नातवाच्या पोटात गटार जातंय' म्हटलं की तो ऐकतो.

काही गावं पाणी सुटायच्या वेळेत वीजपुरवठा बंद ठेवून घेतात. चालतं ते, लगेच फरक दिसतो. पण गिरणीवाला, शिवणकाम करणारी बाई, परीक्षेला बसलेली पोरं, सगळ्यांनाच शिक्षा होते आणि ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्याची मोटार चालूच राहते. नवं वेळापत्रक बसेपर्यंत महिनाभर करायला हरकत नाही, कायमचा उपाय म्हणून मला तो पटत नाही.

मोटार लावणाऱ्याची जोडणी तोडायचा ठराव ग्रामसभेत घेता येतो. आधी नोटीस, मग ठरावीक मुदत, मग जोडणी बंद, आणि दंड भरल्यावर पुन्हा चालू, असा क्रम ठेवा. पहिली जोडणी कुणाची तुटते यावर सगळं अवलंबून आहे. एखाद्या विधवेची तुटली आणि उपसरपंचाच्या भावाची तशीच राहिली, तर तो ठराव त्याच दिवशी मेला.

पट्टीचं काय? भरा. हे मी नीतिपाठ म्हणून सांगत नाही. सभेत उभे राहिलात की सरपंचांच्या बाजूचा कुणीतरी पहिलं वाक्य काय म्हणेल? 'आधी यांची थकबाकी वाचून दाखवा.' नमुना १० ची पावती खिशात असली की तो विषय तिथेच संपतो आणि तुम्हाला पुढचं विचारता येतं. ते पुढचं असं: नमुना ९ मध्ये, म्हणजे मागणीच्या नोंदवहीत, सदस्यांची स्वतःची थकबाकी किती आहे? ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे, रीतसर बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. हे कलम धमकी म्हणून वापरू नका, पण ते आहे एवढं सभेत सहज कुणीतरी बोललं की आठवडाभरात पाच-सहा पावत्या फाटतात.

एकूण वसुलीचं गणित मात्र सरपंचांच्या बाजूनेही बघा. साडेसात एचपीचा पंप म्हणजे साधारण ५.६ किलोवॉट. रोज आठ तास चालला तर ४५ युनिट, महिन्याला १,३५० च्या आसपास. त्यावर पाणीवाल्याचा पगार, टीसीएल, पॅकिंग, कधी मोटार जळली तर रिवाइंडिंग. समजा ४०० घरं आणि वर्षाला १,२०० रुपये पट्टी, म्हणजे ४ लाख ८० हजारांची मागणी. वसुली चाळीस टक्के झाली तर हातात १ लाख ९२ हजार. वीजबिल थकतं, कनेक्शन तुटतं, मग टँकरसाठी अर्ज. तेव्हा सरपंच खोटं बोलत नाहीत. फक्त आधी वसुली की आधी पाणी, या वादात मी 'आधी पाणी' म्हणतो, कारण क्रम बदलायला आणि व्हॉल्व्ह बसवायला फार पैसा लागत नाही. दोन महिने धार सुधारलेली दिसली की मग पट्टी मागायला तोंड राहतं.

वसुलीची वेळही बघा. मार्चअखेरीला एकदम बाराशे मागण्यापेक्षा उसाची पहिली उचल जमा झाली की, किंवा दुधाचा पगार होतो त्या दिवशी डेअरीजवळ पावतीपुस्तक घेऊन बसा. शंभर रुपये सहज निघतात. आणि मागच्या महिन्यात किती आले, वीजबिल किती भरलं, हे चार ओळींत फलकावर लिहा. पाणीपुरवठ्याचं खातं वेगळं असतं, त्यामुळे हे अवघड नाही. 'मीटर बसवा' हा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. मीटर चांगलेच, पण जिथे पाणी तासभरच येतं आणि आधी वीस मिनिटं हवा येते, तिथे मीटर हवेवरही फिरतो. बिल बघून लोक तो दगडाने फोडतात. आधी दाब नीट करा, मीटर मागून.

गळतीची एक चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. रात्री टाकी भरल्यावर टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा आणि काठीने पातळी मोजा, पहाटे पुन्हा मोजा. ६ मीटर व्यासाच्या टाकीत पातळी १० सेंटिमीटर उतरली तर २,८०० लिटर गेले, म्हणजे टाकी किंवा तो व्हॉल्व्हच गळतोय. दुसऱ्या रात्री तो व्हॉल्व्ह उघडा ठेवून आळ्यांचे व्हॉल्व्ह बंद करा. आता जास्त उतरलं तर मुख्य लाइन फुटकी आहे. टाकीवर चढणारा पाणीवालाच असू द्या, हौशी पोरांना वर पाठवू नका. त्या जिन्यांची अवस्था मला माहीत आहे.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. योजना प्रादेशिक असेल, म्हणजे चार-दहा गावांना एकच जलशुद्धीकरण केंद्र, तर तुमच्या टाकीत पाणी कधी पडणार हे तुमच्या हातात नाही. तेव्हा वेळापत्रक घड्याळाच्या वेळेवर न लावता 'टाकी भरल्यापासून' असं लावावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये विहीरच तळाला जात असेल तर व्हॉल्व्ह काही करू शकत नाही. स्रोताच्या आसपास नव्या बोअर किती पडल्यात ते बघा. सार्वजनिक पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर-बोअर घ्यायला १९९३ च्याच भूजल कायद्याने मनाई केली होती, पण तलाठ्यापासून सगळे तिकडे पाठ करून उभे असतात. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला गावानेच बंदी घातली आणि ती पाळली, पण त्यामागे सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांसारखं अनेक वर्षं टिकून राहिलेलं नेतृत्व होतं. तुमच्या गावात दोन गट असतील आणि पाणीवाला एका गटाचा असेल, तर तुमची वाट लांबची आहे. अशा वेळी मोजणीचा तक्ता दोन्ही गटांच्या एकेका माणसाच्या सहीने करा.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, कायद्यात आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती कागदावरच उरकतात. ती प्रत्यक्ष भरवायला लावा. पाणी पहाटे पाचला सोयीचं की सकाळी आठला, मजुरीला जाणाऱ्या बायांची गाडी किती वाजता निघते, हे तिथे ठरतं. पुरुषांच्या सभेत वेळापत्रक ठरलं की ते नेमकं बायका रानात असताना पाणी सोडतं. जलजीवनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं होतं. तुमच्या गावात त्या कोण आहेत ते शोधा, किट कपाटात पडलेलं असेल. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी जे कमी ते. तुमच्या वस्तीतून चाळीस माणसं आली तरी सभेचा रंग बदलतो. सभा तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट नसते, त्या दिवशी घरी बसू नका.

आता पत्ता. आधी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज, पाणी समितीच्या अध्यक्षांच्या नावेही एक प्रत. महिनाभरात काही हाललं नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागात उपअभियंता. अर्जात मोटारवाल्यांची नावं घालू नका. मागणी एकच ठेवा: आळीनुसार व्हॉल्व्हची पाहणी करून शेवटच्या वस्तीपासून पाणी सोडायचं वेळापत्रक ठरवावं. सोबत बादलीचा तक्ता जोडा. 'पाणी येत नाही' असे अर्ज ढिगाने येतात आणि ढिगातच राहतात. तारीख, वेळ आणि सेकंद लिहिलेला कागद आला की शाखा अभियंत्याला जागेवर जाऊन उत्तर लिहावं लागतं. दोन्हीकडे शिक्का मारलेली पोच घ्या, आणि अभियंता येईल त्या दिवशी पाणीवाल्याला सोबत ठेवा.